बेघर प्रौढांचे निवारे: किती मोठे आणि कुठे, याचा नियम कसा लिहावा

निवाऱ्याच्या आकाराला मर्यादा घाला, अशी मागणी दोन बाजूंनी येते. एक बाजू आत झोपणाऱ्यांची. न्यूयॉर्कमध्ये १९८० च्या दशकात फोर्ट वॉशिंग्टन आर्मरीच्या कवायतीच्या हॉलमध्ये एका छताखाली शेकडो पुरुष झोपत आणि आकडा हजाराच्या घरात जाई. तिथे चोरी, मारामारी, खोकला आणि रात्रभर जळणारे दिवे यांना कंटाळून कित्येक जण परत फुटपाथवर जाणं पत्करत. दुसरी बाजू शेजाऱ्यांची. आमच्या गल्लीत एवढी माणसं नकोत, हे थेट म्हणता येत नाही, म्हणून ‘निवारे छोटे असावेत’ असं म्हटलं जातं. मसुदा लिहिणाऱ्याला या दोन मागण्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण कागदावर दोन्हींचं वाक्य हुबेहूब एकच असतं.

हा लेख असा नियम लिहिणाऱ्यांसाठी, किंवा समोर आलेला मसुदा तपासणाऱ्यांसाठी आहे. त्यात नगरसेवक आले, प्रशासनातले अधिकारी आले, निवारा चालवणाऱ्या संस्था आणि नागरिकांचे गटही आले. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मर्यादा घालणाऱ्या प्रत्येक कलमासमोर एकूण क्षमता राखणारं एक कलम त्याच मसुद्यात हवं. ‘२०० पेक्षा मोठा नको’ एवढंच लिहिलं आणि ‘एकूण इतक्या खाटा हव्यातच’ हे राहून गेलं, तर तो नियम निवारे छोटे करत नाही, कमी करतो.

पायरी १: आधी माणसं मोजा

एका रात्रीची मोजणी हा पाया. ती करताना तारीख, वेळ आणि कुणाला बेघर धरायचं हे आधी लिहून ठेवायचं. भारतात २०११ च्या जनगणनेत बेघरांची नोंद २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशभरात सुमारे १७.७ लाख माणसं नोंदली गेली. एका रात्रीची कोणतीही मोजणी कमीच भरते. रात्रपाळीला गेलेला हमाल, रुग्णालयाच्या आवारात पथारी टाकलेला नातेवाईक, पोलीस हाकलतील म्हणून आडबाजूला झोपलेली बाई हे सगळे त्यातून सुटतात. म्हणून मोजणीच्या आकड्याला मागणीचा तळ समजा, कमाल समजू नका. शक्य असेल तर वर्षातून दोनदा मोजा, एकदा कडाक्याच्या थंडीत आणि एकदा पावसात किंवा उन्हाळ्यात. ऋतूप्रमाणे माणसं जागा बदलतात आणि पुढे जागेच्या कलमाला हाच तपशील उपयोगी पडतो.

मोजताना फक्त एकूण आकडा घेऊन थांबू नका. एकटे पुरुष, एकट्या स्त्रिया, जोडपी, वृद्ध, आजारातून उठलेले, तृतीयपंथी यांची वेगळी नोंद हवी. ‘प्रौढ’ हा शब्द नियमात सोपा दिसतो आणि पहिल्याच आठवड्यात अडचणीत आणतो. आई आणि तिचा वीस वर्षांचा मुलगा दोघेही प्रौढ. त्यांना पुरुषांच्या आणि बायकांच्या अशा दोन इमारतींत पाठवायचं का? न्यूयॉर्कने यासाठी लहान मूल सोबत नसलेल्या कुटुंबांचा वेगळा वर्ग केला आहे. मसुद्यात असा वर्ग नसेल तर तो घाला, नाहीतर हे लोक निवारा नाकारतील आणि नोंदीत ‘सेवा नाकारली’ असा शेरा त्यांच्याच नावावर पडेल.

पायरी २: ‘निवारा’ कशाला म्हणायचं ते ठरवा

हे कलम सगळ्यांत कंटाळवाणं वाटतं आणि सगळे वाद इथेच होतात. व्याख्या ढिली असेल तर मर्यादेला वळसा घालायला दोन सरळ वाटा असतात.

पहिली वाट म्हणजे एकाच इमारतीचे कागदावर तुकडे पाडणं. खालच्या मजल्यावर ‘स्वागत केंद्र’, मधल्यावर ‘निवारा’ आणि वरच्यावर ‘व्यसनमुक्ती’, असे तीन कार्यक्रम दाखवायचे आणि प्रत्येक मर्यादेत बसवायचा. न्यूयॉर्कच्या चेल्सी भागात एका इमारतीवरून शेजारचे मालमत्ताधारक कोर्टात गेले, तेव्हा हाच प्रश्न होता: एका छताखालच्या वेगवेगळ्या कार्यक्रमांतल्या खाटा एकत्र मोजायच्या की नाही? मला वाटतं, याचं उत्तर नियमातच असावं, न्यायाधीशांवर सोडू नये. कसोटी भौतिक ठेवा. प्रवेशदार, जिना, जेवणाची जागा आणि रात्रीचे कर्मचारी यांपैकी काहीही सामायिक असेल तर खाटा एकत्र मोजा. चारही वेगळे असतील तर वेगळे निवारे माना.

दुसरी वाट म्हणजे दुसऱ्याच खात्याकडून चालवणं. २०२२ पासून न्यूयॉर्कमध्ये आश्रय मागणारे स्थलांतरित मोठ्या संख्येने आले. शहराने बेघर सेवा खात्याच्या बाहेर, सार्वजनिक रुग्णालयांच्या महामंडळामार्फत आणीबाणीची केंद्रं उघडली. रँडल्स बेटावरचं तंबूंचं केंद्र दोन हजारांहून जास्त माणसांचं होतं. प्रौढांच्या एका निवाऱ्यात २०० पेक्षा जास्त खाटा नकोत, अशी मर्यादा असलेल्या शहरात हे घडलं. त्या वेळी दुसरा पर्याय कितपत होता, यावर वाद घालता येईल. पण मसुदा लिहिणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं, की व्याख्या खात्याच्या नावावर न बांधता वापरावर बांधायला हवी. ‘घर नसलेल्या प्रौढांना सलग रात्री झोपण्यासाठी सार्वजनिक पैशातून दिलेली कोणतीही जागा’ असं काहीतरी लिहा आणि आणीबाणीसाठी वेगळं, मुदतीचं कलम ठेवा. त्याकडे पुढे येतो.

पायरी ३: खोलीतून आकडा काढा

बहुतेक मसुद्यांत आकडा आधी येतो, ५०, १०० किंवा २००, आणि मग त्याचं समर्थन शोधलं जातं. उलट करा. एक माणूस नीट झोपायला, धुवायला आणि सामान ठेवायला काय लागतं ते ठरवा, मग इमारतीला विचारा किती मावतात.

प्रचलित निकष वेगवेगळे आहेत. भारतातल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी किमान ५० चौरस फूट धरले आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या नियमात सामायिक झोपण्याच्या खोलीत माणशी ६० चौरस फूट आणि दोन खाटांमध्ये किमान तीन फूट अंतर आहे. आपत्तीच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांत माणशी ३.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट, छताखालची जागा सांगितली आहे.

आता ४० फूट रुंद आणि ७५ फूट लांब असा ३,००० चौरस फुटांचा एक हॉल घेऊ. स्फिअरप्रमाणे त्यात ७९ माणसं बसतात, ५० चौरस फुटांच्या हिशेबाने ६०, ६० च्या हिशेबाने ५०. पण क्षेत्रफळाला भागणं वेगळं आणि खाटा मांडणं वेगळं. अडीच फूट रुंद, सव्वासहा फूट लांब खाट घ्या आणि शेजारच्या प्रत्येक खाटेपासून तीन फुटांचं अंतर ठेवा; कडेच्या खाटा भिंतीला टेकल्या तरी चालतील. लांबीच्या बाजूला एका ओळीत १४ खाटा बसतात आणि रुंदीत चारच ओळी. पाचवी ओळ सव्वातीन फुटांनी अडते. झाल्या ५६. दारांसमोरची मोकळी वाट, बाहेर पडायचा रस्ता आणि कर्मचाऱ्याचं टेबल सोडलं की आकडा पन्नाशीच्या आसपास येतो. परवानगीच्या अर्जासोबत खाटा काढलेला नकाशा मागा. नुसतं क्षेत्रफळ मागितलं की कागदावरच्या ६० खाटा एकमेकींना चिकटवून बसवल्या जातात.

मग संडास. न्यूयॉर्कमध्ये ‘कॅलाहान विरुद्ध केरी’ हा १९७९ चा खटला आणि त्यातून निघालेला १९८१ चा तडजोडीचा हुकूमनामा यात सहा माणसांमागे एक संडास आणि दहा माणसांमागे एक न्हाणी असं प्रमाण घातलं गेलं. खाटेची किमान रुंदी, स्वच्छ चादरी आणि कुलूप लावता येईल अशी सामानाची जागा, हेही त्यात होतं. स्फिअरमध्ये संडासाचं प्रमाण वीसला एक आहे. आपल्या त्याच हॉलला चारच संडास असतील, तर एका हिशेबाने २४ माणसं बसतात आणि दुसऱ्याने ८०. म्हणजे जुन्या इमारतीत खरी मर्यादा बहुधा नळ आणि मैलापाणी ठरवतात, जमीन नाही. आपत्तीसाठी आखलेलं प्रमाण महिनोन्‌महिने चालणाऱ्या निवाऱ्याला लावू नका. तो निकष काही आठवड्यांच्या छावणीसाठी आहे.

मसुद्यात म्हणून तीन आकडे हवेत आणि ‘यातला जो सर्वांत कमी येईल तो’ असं वाक्य हवं: झोपण्याच्या जागेवरून येणारा, संडास-न्हाणीवरून येणारा, आणि अग्निशमन नियमांनुसार बाहेर पडण्याच्या मार्गांवरून येणारा.

पायरी ४: कमाल मर्यादा

आता कमाल आकड्याकडे. न्यूयॉर्कमध्ये प्रौढांच्या निवाऱ्याला २०० ची मर्यादा आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनंतर आलेल्या योजनेत दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे १०० जणांचा एक कायमस्वरूपी, चोवीस तास चालणारा निवारा असं सूत्र आहे, आणि स्थानिक परिस्थितीप्रमाणे ५० ते १०० अशी सूट आहे. भारतीय सूत्रातली चांगली गोष्ट अशी, की एका निवाऱ्याचा आकार आणि शहरात निवारे किती हवेत हे दोन्ही एकाच वाक्यात बांधलेले आहेत. सव्वा कोटींच्या शहराने आपण १२५ निवाऱ्यांना बांधील आहोत हे नियम वाचूनच समजून घ्यावं. अंमलबजावणीची रड वेगळी आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली पाहणी समिती नेमावी लागली, यावरून ती कळते. पण मोजायला फूटपट्टी होती, म्हणून तूट दाखवता आली.

किती लहान चांगलं? जितकं लहान तितकं बरं, असं सरसकट म्हणवत नाही, आणि त्याचं कारण रात्रपाळी आहे. निवाऱ्यात रात्री एकटा कर्मचारी ठेवणं धोक्याचं. कुणाला फिट आली, कुणाचं भांडण झालं तर एकाने तिथे थांबायचं आणि दुसऱ्याने मदत आणायची. पाळीला दोन जण, दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला ४२ पाळ्या. माणशी सहा धरल्या तर सात माणसं लागतात. रजा-आजारपण धरून आठ. २५ खाटांच्या निवाऱ्याला ही आठ माणसं लागतातच, आणि साठलाही साधारण तेवढ्यांत भागतं. म्हणून २५ ची कमाल मर्यादा घालणारा नियम कर्मचाऱ्यांचा दर-खाट खर्च दुपटीच्या वर नेतो. पैसे मंजूर नसतील तर हा निवारा एका माणसावर चालेल आणि वर्षभरात बंद पडेल. स्त्रियांसाठी, आजारातून उठणाऱ्यांसाठी, तृतीयपंथींसाठी मात्र लहान निवारे लागतातच. तिथे खर्चाची तरतूद नियमासोबत मंजूर करा, नुसती सदिच्छा लिहू नका.

दुसरीकडे, २०० खाटांच्या इमारतीत पन्नास-पन्नासचे चार हॉल आणि आठ-आठ जणांच्या पंचवीस खोल्या यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माणसाला त्रास होतो तो आपल्या खोलीत किती अनोळखी लोक झोपतात याचा. इमारतीच्या पाटीवरचा आकडा त्याला ठाऊकही नसतो. तरीही बहुतेक नियम इमारतीचाच आकडा धरून बसतात, कारण शेजाऱ्यांना तोच दिसतो. मी मसुदा लिहिला तर इमारतीची मर्यादा जरा सैल ठेवीन आणि खोलीची घट्ट: एका खोलीत दहापेक्षा जास्त खाटा नकोत, मध्ये छतापर्यंतची भिंत, स्वतंत्र खिडकी. हा दहाचा आकडा माझा अंदाज आहे, इमारत पाहून आठ-बारा करता येईल. हवा खेळती असण्याची अट मात्र टाळू नका. दाटीच्या, कोंदट खोलीत क्षयरोग पसरतो हे फार जुनं ज्ञान आहे, आणि २०२० च्या साथीत मोठ्या हॉलमधल्या निवाऱ्यांतून माणसं हॉटेलच्या खोल्यांत हलवायची वेळ अनेक शहरांवर आली.

पायरी ५: आकार आणि जागा एकाच कागदावर जुळवा

आकाराची मर्यादा घालणं म्हणजे जागांची संख्या ठरवणं. हजार खाटांची गरज असेल तर २०० च्या मर्यादेने पाच जागा लागतात, १०० ने दहा, ५० ने वीस. प्रत्येक जागेला एक सुनावणी, एक विरोध, एक कोर्टकज्जा धरा. मर्यादा निम्मी केली की भांडणं दुप्पट. म्हणून ज्या सभेत आकाराचं कलम मंजूर होतं, त्याच सभेत जागांची यादी मंजूर झाली पाहिजे. आकार आज आणि जागा पुढच्या वर्षी, असं कुणी सुचवलं तर त्याला हिशेब मागा.

जागेच्या कलमात अंतराच्या अटी घालण्याचा मोह फार होतो: शाळेपासून इतकं लांब, दुसऱ्या निवाऱ्यापासून इतकं लांब. नकाशा आणि कंपास घेऊन बसा. समजा वस्तीत दर अर्ध्या किलोमीटरवर एक शाळा आहे. दाट शहरात हे मुळीच विशेष नाही. प्रत्येक शाळेभोवती ३०० मीटरचं वर्तुळ काढा. वर्तुळं एकमेकांत घुसतात आणि कोपऱ्यांत चिंचोळ्या फटी उरतात. हिशेब केला तर मोकळी राहते जेमतेम पाच टक्के जमीन, आणि तीही कुणाच्या तरी घराखाली असते. ‘शाळेपासून ३०० मीटर’ या अटीचा अर्थ अशा शहरात ‘कुठेच नाही’ असा होतो. अट मांडणाऱ्याला हे माहीत असतंच असं नाही. नकाशा समोर ठेवला की बरेच जण स्वतःहून मागे येतात.

कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये या खेळाला कायद्यानेच लगाम घातला. प्रत्येक शहराने निदान एक असा विभाग दाखवायचा जिथे आणीबाणीचा निवारा हक्काने उभा राहील, वेगळ्या मर्जीच्या परवानगीशिवाय. शहराला काय ठरवता येईल याची यादी दिली: खाटांची कमाल संख्या, वाट पाहण्याच्या जागेचा आकार, प्रकाशव्यवस्था, सुरक्षा, व्यवस्थापन, मुक्कामाची मुदत. दोन निवाऱ्यांमधलं अंतरही ठरवता येतं, पण ३०० फुटांपेक्षा जास्त मागता येत नाही. फूट हं, मीटर नाही. म्हणजे सुमारे ९१ मीटर. पुढे शहरं औद्योगिक पट्ट्यातली निरुपयोगी जमीन दाखवून मोकळी होऊ लागली, तेव्हा २०२२ च्या दुरुस्तीने जागेची क्षमता माणशी किमान २०० चौरस फुटांच्या हिशेबाने दाखवण्याचं बंधन आणलं. ‘अंतराला कमाल मर्यादा’ ही कल्पना उचलण्यासारखी आहे.

मग निवारे एकाच गरीब वस्तीत कोंबले जाऊ नयेत यासाठी काय करायचं? कारण तेही खरंच घडतं. जमीन स्वस्त, विरोध दुबळा, म्हणून सगळे निवारे तिथेच जातात. न्यूयॉर्कने १९८९ मध्ये शहराच्या सनदेत दुरुस्ती करून ‘न्याय्य वाटा’ हे तत्त्व आणलं. सार्वजनिक सुविधांचा फायदा आणि भार शहरभर वाटला जावा, आणि कुठे काय उघडायचं आहे याचं निवेदन महापौरांनी दरवर्षी आधी जाहीर करावं. तत्त्व बंधनकारक नसल्याने त्याचा जोर मर्यादित राहिला, पण दिशा बरोबर आहे. अंतराऐवजी दाटी मोजा: प्रभागात दर हजार लोकसंख्येमागे किती खाटा आहेत आणि शहराची सरासरी किती. दुपटीच्या वर गेलेल्या प्रभागात नवा निवारा काढायचा तर लेखी कारण द्यावं लागेल, आणि ज्या प्रभागात एकही नाही तिथे पुढची जागा शोधणं बंधनकारक. कारण द्यायची मुभा ठेवा, कारण बेघर माणसं शहरात सारखी पसरलेली नसतात. स्थानकं, घाऊक बाजार, मोठी रुग्णालयं, मजूर-नाके यांच्याभोवतीच ती असतात, कारण पोट तिथे भरतं. पहाटे चारला बाजारात माल उतरवणाऱ्याला सात किलोमीटरवरचा सुंदर निवारा काय कामाचा? भारतीय सूचनांतही निवारा शक्यतो बेघरांच्या जमावाच्या आणि कामाच्या जागेजवळ हवा असं म्हटलं आहे.

जागेचं बाकी सगळं थोडक्यात आटोपतं. पूररेषेत नको, कचरा डेपोला लागून नको, पुलाखाली नको. चालत जाता येईल अशा अंतरावर रात्री उशिरापर्यंत चालणारं वाहन हवं. तळमजल्यावर किमान काही खाटा आणि एक संडास चाकाच्या खुर्चीला चालेल असा हवा.

पायरी ६: परवानगी आणि शेजारी

नियमातल्या अटी मोजता येण्याजोग्या असतील तर त्या पूर्ण करणाऱ्याला परवानगी मिळालीच पाहिजे, आणि ठरावीक दिवसांत. ६० दिवस पुरेसे. ‘परिसराच्या स्वरूपाशी सुसंगत’, ‘जनभावनेला अनुकूल’ असले शब्द मसुद्यात दिसले की खोडा. ते नकाराला सोयीचं कारण पुरवतात आणि दुसरं काही करत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये टेक्सासमधल्या क्लेबर्न शहराच्या प्रकरणात, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या सामूहिक घरासाठी विशेष परवानगी घेण्याची अट रद्द ठरवली. शेजाऱ्यांची भीती किंवा नावड हे जमीन-वापराच्या नियमाला पुरेसं कारण होत नाही, हा त्यातला मुद्दा इथेही तसाच लागू आहे.

याचा अर्थ शेजाऱ्यांना विचारू नका असा नाही. कळवा, आणि लवकर कळवा. उघडायच्या आदल्या आठवड्यात पत्रक टाकणं हा विश्वास घालवायचा हमखास उपाय आहे. सभेच्या सुरुवातीला दोन याद्या वाचून दाखवा. पहिलीत जे ठरलेलं आहे ते: निवारा होणार, खाटा इतक्या, कोण राहणार. दुसरीत ज्यावर बोलता येईल ते: दार कोणत्या बाजूला, दिवे कुठे, कचरा किती वाजता, तक्रारीला रात्री कोणता फोन उचलला जाईल, महिन्याच्या बैठकीला कोण येईल. ही विभागणी आधी केली नाही तर लोक दोन तास ‘इथे नकोच’ वर बोलतात आणि दाराची बाजू ठरतच नाही.

शेजाऱ्यांच्या बऱ्याच तक्रारी प्रत्यक्षात निवाऱ्यातल्या माणसांपेक्षा निवाऱ्याच्या वेळेबद्दल असतात. सकाळी सहाला सगळ्यांना बाहेर काढून संध्याकाळी सातला आत घेणारा निवारा दिवसभर माणसांना त्याच गल्लीत बसायला भाग पाडतो, आणि सातच्या आधी तासभर फुटपाथवर रांग लावतो. चोवीस तास उघडा ठेवा, खाट त्याच माणसाच्या नावे राखून ठेवा, रांग आवाराच्या आत घ्या, विडी-सिगारेटसाठी मागच्या अंगणात जागा करा. आकार निम्मा करण्यापेक्षा या चार गोष्टींनी गल्ली लवकर शांत होते आणि खर्चही कमी येतो.

पायरी ७: मसुद्याची भाषा

वरचं सगळं कलमांत उतरवलं तर साधारण असं दिसेल. आकडे आपापल्या मोजणीप्रमाणे बदलावेत.

- शहरातील निवाऱ्यांची एकूण क्षमता शेवटच्या दोन मोजण्यांपैकी मोठ्या आकड्याहून कमी असणार नाही.
- कोणत्याही निवाऱ्याची क्षमता झोपण्याची जागा, स्वच्छतागृहे व निर्गमन मार्ग यांवरून येणाऱ्या सर्वांत कमी आकड्याइतकी असेल व कोणत्याही परिस्थितीत २०० पेक्षा जास्त नसेल. एका खोलीत १० पेक्षा जास्त खाटा नसतील.
- प्रवेशदार, जिना, भोजनकक्ष किंवा रात्रीचे कर्मचारी सामायिक असल्यास सर्व खाटा एकत्र मोजल्या जातील.
- दोन निवाऱ्यांमधील किंवा निवारा व अन्य संस्थेमधील अंतराची अट १०० मीटरपेक्षा जास्त असणार नाही.
- वरील अटी पूर्ण करणाऱ्या अर्जास ६० दिवसांत परवानगी दिली जाईल. न दिल्यास ती दिली असे मानले जाईल.

पहिलं कलम कापायचा प्रयत्न सगळ्यांत आधी होईल, खर्च वाढतो म्हणून. ते गेलं तर बाकीच्यांना पाठिंबा काढून घ्यावा, असं माझं मत आहे.

आणीबाणीचं कलम वेगळं. पूर, थंडीची लाट, मोठं स्थलांतर अशा वेळी मर्यादा ओलांडावी लागते. ती नाकारून माणसं बाहेर ठेवणं हा नियमाचा हेतूच नाही. पण सूट देताना तीन गोष्टी लिहा: किती दिवस, संडासांचं किमान प्रमाण काय, आणि मुदतवाढ कोण देणार. ३० दिवसांची सूट प्रशासनाने द्यावी, त्यापुढची सभागृहाने, प्रत्येक वेळी नव्याने मतदान घेऊन. मुदत न लिहिलेली सूट दोन वर्षांनीही ‘तात्पुरती’च असते.

पायरी ८: तपासणी, आणि जुने मोठे निवारे

तपासणी रात्री करा. दुपारी तीनला गेलेल्या अधिकाऱ्याला रिकाम्या खाटा आणि धुतलेली फरशी दिसते. रात्री अकरानंतर, न कळवता, वर्षातून किमान चारदा. मोजायच्या गोष्टी ठरलेल्या असाव्यात: मांडलेल्या खाटा, झोपलेली माणसं, चालू असलेले संडास, हजर कर्मचारी, कुलूप लागणारी कपाटं. निष्कर्ष दारावर आणि संकेतस्थळावर लावावा. सोबत एक आकडा अवश्य घ्या, त्या रात्री किती जणांना जागा नाही म्हणून परत पाठवलं. मर्यादा खरोखर कुणाला लागते आहे हे त्याच आकड्यावरून कळतं.

मर्यादेपेक्षा जास्त माणसं आढळली तर दंड चालक संस्थेला किंवा नेमणाऱ्या खात्याला. जास्तीच्या माणसांना त्याच रात्री बाहेर काढून नियम पाळल्याचं दाखवता येणार नाही, हे स्पष्ट लिहा.

नियम आला की आधीपासून चालू असलेल्या चारशे-पाचशे खाटांच्या इमारतींचं काय, हा प्रश्न येतो. सरसकट सूट दिली तर नियम फक्त नव्यांना लागतो आणि सगळ्यांत वाईट जागा तशाच राहतात. सहा महिन्यांची मुदत दिली तर माणसं रस्त्यावर येतात. टप्प्याटप्प्याने उतरवा. दरवर्षी एक मजला मोकळा करायचा, पण त्या मजल्यावरच्या खाटांइतक्या खाटा दुसरीकडे चालू झाल्यानंतरच. जाणाऱ्याला नवी जागा आधी बघू द्यावी, निदान दोन पर्याय द्यावेत, आणि त्याचं काम, औषधोपचार, पत्त्यावर येणारी कागदपत्रं यांची हलवाहलव चालक संस्थेने करावी. हेलसिंकीने मोठी वसतिगृहं बंद करताना त्यांतल्या काही इमारतींचे भाडेकराराचे छोटे फ्लॅट केले. इमारत मजबूत असेल आणि मजला रिकामा होतच असेल, तर तिथे पुन्हा खाटा मांडण्याआधी हा पर्याय तपासा. मजला मोकळा झाल्याची तारीख आणि बदली खाटा चालू झाल्याची तारीख एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी नोंदवा, आणि दुसरी तारीख पहिलीच्या आधीची नसेल तर मजला बंद करण्याच्या आदेशावर सही होऊ देऊ नका.